नेपाळात आम्ही दिवसभर करतो काय

"सिस्टर, तठे जाईसन दिनभर काय करतस वं तुम्ही?" भाजीच्या गाडीवर मेथी निवडता निवडता मला विचारलं गेलं आणि मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न रास्त आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांनाही तो पडतो, फक्त ते विचारत नाहीत. पाठवणीच्या उपासनेत त्यांनी आमच्या डोक्यावर हात ठेवलेले असतात, दानार्पणात आमच्या तिकिटासाठी पैसे टाकलेले असतात. त्यामुळे आम्ही तिकडे काहीतरी मोठंच करत असणार, असं त्यांनी धरून चाललेलं असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते. आम्ही पाणी भरतो, भांडी घासतो, कोणाची ना कोणाची वाट बघत बसतो आणि दोन वेळा डाळ-भात खातो. यातून जो वेळ उरेल त्यात सेवा.

मी नवापूर तालुक्यातली, चिंचपाड्याच्या बाजूची. नोकरी सरकारी, एएनएमची, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या नर्सची, आणि ती जवळजवळ सगळी अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांमध्ये गेली. त्यामुळे डोंगर, चढ आणि "सिस्टर, अजून एकच टेकडी" हे सगळं माझ्या पाचवीला पुजलेलं. निवृत्तीनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, येता का. त्यांच्याबरोबर बायबल कॉलेजात शिकलेला एक नेपाळी मित्र पाल्पा जिल्ह्यात पाळक आहे, त्याच्या मंडळीने बोलावलं होतं. आमच्या गटात पाळकसाहेब, पाळकीणबाई, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला एक पोरगा, नर्सिंगला असलेल्या दोन मुली आणि मी. वयाने सगळ्यात मोठी मी, म्हणून सगळ्यांच्या गोळ्या आणि चाव्या माझ्याकडे.

प्रवासाचं थोडक्यात सांगते, कारण तो थोडक्यात झाला नाही. नंदुरबारहून ताप्ती-गंगा एक्सप्रेसने वाराणसी, तिथून रात्रीची बस पकडून गोरखपूर आणि सोनौली. गाडीत भुसावळपर्यंत सगळे देवाची गाणी म्हणत होते, इटारसीनंतर सगळे झोपले. ज्यांना कोणाला जायचं असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवते: भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र जवळ असू द्या. आधार कार्डाच्या भरवशावर राहू नका. पैसे शंभराच्या नोटांत न्या. आपल्या शंभराचे तिकडे एकशे साठ होतात आणि पहिल्या दिवशी प्रत्येक जण स्वतःला श्रीमंत समजून चहाचे पैसे देतो.

सोनौलीच्या आधी नौतनवा लागतं. बस तिथे थांबली तेव्हा पाळकसाहेबांनी आम्हाला उठवलं. एरवी त्यांनी उठवलं की बायबल वाचायला लावतात, पण या वेळी गोष्ट सांगितली, आणि ती मला या अख्ख्या प्रवासात सगळ्यात जास्त कामी आली. लिली ओहॅनलॉन नावाची डॉक्टर आणि हिल्डा स्टील नावाची तिची सोबतीण, दोघी १९३० च्या दशकात या गावात येऊन राहिल्या. नेपाळ तेव्हा राणा घराण्याच्या ताब्यात, मिशनरी लोकांना प्रवेश बंद. मग या बायकांनी सीमेच्या अलीकडे दवाखाना घातला आणि नेपाळातून उतरून येणाऱ्या लोकांना औषधपाणी करत राहिल्या. वर्षांमागून वर्षं गेली. १९५१ मध्ये राणांची सत्ता गेली आणि १९५२ मध्ये त्या आपल्या नेपाळी सोबत्यांसह डोंगर चढून चालत पोखऱ्याला पोहोचल्या. तोवर तारुण्य सरलं होतं. आणि आम्ही बघा, जायच्या आधी परतीचं तिकीट कन्फर्म आहे की नाही ते तीनदा तपासणारे. मी हे कोणाला टोचायला म्हणत नाही. माझं स्वतःचं तिकीट आरएसी होतं, मीच सगळ्यात जास्त तपासलं.

बुटवल सोडलं की सिद्धबाबाचा घाट. तिथे वरून दगड येतात. आम्ही गेलो तेव्हा बोगद्याचं काम चालू होतं आणि रस्ता ठरावीक वेळी अडवून ठेवत. आम्ही जीपच्या रांगेत बसलो. काकांनी खाली उतरून तीन गाड्यांची बॉनेटं उघडून पाहिली, कोणी बोलावलेलं नसताना. एका ड्रायव्हरचा पंख्याचा पट्टा सैल होता, तो आवळून दिला. आमच्या गटाने नेपाळात केलेली पहिली सेवा ही, आणि मला विचाराल तर सगळ्यात पक्कीसुद्धा. पट्टा आवळला तो आवळलाच.

पोहोचलो त्या रात्री, जेवणानंतर, तिथल्या पाळकांनी आम्हाला चुलीजवळ बसवून नियम सांगितले. तिथले लोक त्यांना दाजू, म्हणजे दादा, म्हणायचे, आम्हीही दाजूच म्हणू लागलो. दाजूंचा आवाज मऊ, पण बोलणं रोखठोक. नेपाळच्या घटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आणि आपण इथे परदेशीच आहोत, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण भारतीयांना ते लक्षात राहत नाही. म्हणून पत्रकं नाहीत, स्वास्थ्य चौकीत, म्हणजे गावच्या सरकारी दवाखान्यात, कोणाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना नाही, मुलांना खाऊ वाटून गाणी शिकवणं नाही. चर्चमध्ये या, बसा, गा, मोकळेपणाने भेटा. बाहेर फक्त काम. आणि फोटो फेसबुकवर टाकायचे नाहीत.

शेवटच्या अटीवर आमच्या मोबाईलवाल्या पोराचा चेहरा उतरला. त्याने येताना तीन पायांचा स्टँड आणला होता. तो म्हणाला, काकू, फोटोच नाही टाकले तर मंडळीला कळेल कसं आपण काय केलं? मी म्हटलं, तू तोंडाने सांग. त्याला ते पटलं नाही. मला मात्र दाजूंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आम्ही फोटो टाकून नंदुरबारला निघून येणार, आणि त्या फोटोतली माणसं त्याच वाडीत राहणार, त्यांची मुलं त्याच शाळेत जाणार, त्यांचं दूध त्याच शेजाऱ्याकडून येणार. शिवाय, आजारी बाईचा हात धरून कॅमेऱ्याकडे बघायची ही जी पद्धत पडली आहे ती मला आपल्या सातपुड्यातल्या शिबिरांमध्येही कधी आवडली नाही.

आता दिवस सांगते. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, पण माणसं दोन तास पुढे. पहाटे पाचला चर्चमध्ये प्रार्थना. कार्तिक संपून मंसिर, म्हणजे मार्गशीर्ष, लागला होता, अंगावर शाल घेतली तरी दात वाजायचे. आमच्या मुली पहिल्या दिवशी ब्लँकेटसकट गेल्या. तिथल्या आयाबाया मात्र प्रार्थना संपवून, गवत कापून, म्हशीला घालून परत येत तोवर आम्ही चहाची वाट बघत बसलेलो.

मग धारा. डोंगरातून आलेल्या झऱ्याला दगडी तोंड बसवलेलं, खाली फरशी. गागरी आणि पांढरे जार यांची रांग लावून बायका आपापल्या कामाला निघून जातात. आपल्याकडे टँकर आला की भांडं सोडून कोणी हलत नाही, म्हणून मी माझ्या बादलीपाशी उभीच. एका बाईने खुणेने सांगितलं, जा, चहा पी, नंबर कुठे जात नाही. आंघोळही तिथेच, परकर छातीशी बांधून, सगळ्यांसमोर. नर्सिंगच्या मुलींना हे जड गेलं. मला नाही, आम्ही रंगावली नदीवर अशाच वाढलो. पाणी इतकं गार की पहिला तांब्या अंगावर घेताना "हे प्रभू" आपोआप तोंडातून निघतं. पाळकीणबाई म्हणाल्या, सिस्टरांची सकाळची प्रार्थना सगळ्यात मनापासून असते.

चुलीचं तर विचारूच नका. आमच्यासाठी दाजूंच्या घरी रोज जास्तीच्या सात जणांचा स्वयंपाक. सकाळी दहाला डाळ-भात-तरकारी, दुपारी चिवडा किंवा चाऊचाऊ, म्हणजे नूडल्स, संध्याकाळी सातला पुन्हा डाळ-भात. दाजूंची बायको, आम्ही त्यांना भाउजू म्हणायचो, चार वाजल्यापासून उभी. पहिल्या दिवशी आम्ही ताटं उचलायला गेलो तर हातातून ओढून घेतली. "बस्नुस् न, बस्नुस्." पाहुण्याने भांडं घासायचं नाही. पाळकीणबाईंनी युक्ती केली. त्या भाउजूंच्या आधी धाऱ्यावर जाऊन, राख घेऊन कढई घासायलाच बसल्या. एकदा राखेने हात काळे झाले की कोणी उठवू शकत नाही. तिथून पुढे भांडी आमच्याकडे आली आणि त्या घराशी आमचं खरं बोलणं सुरू झालं. पाहुण्यासमोर भाउजू "सगळं ठीक आहे" असंच म्हणायच्या. शेजारी बसून भांडी विसळताना मात्र मुलगा कतारला आहे, तिथे उन्हात काम आहे, दोन महिने झाले पैसे आले नाहीत, हे सगळं निघालं.

त्या वाडीत तरुण पुरुष शोधून सापडायचा नाही. कोणी कतार, कोणी मलेशिया, कोणी दुबई. घरं म्हाताऱ्यांची, सुनांची आणि पोरांची. मला त्यात नवं काही वाटलं नाही. दिवाळी झाली की आमच्या अक्कलकुव्यातले पाडेच्या पाडे गुजरातेत ऊसतोडीला रिकामे होतात, तेव्हा लसीकरणाच्या यादीतली निम्मी मुलं मला सुरत-नवसारीच्या फडांवर शोधावी लागायची. फरक एवढाच की आपल्याकडे पोरं-बायकाही बरोबर जातात.

जेवणाची आठवण निघाली म्हणून सांगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकांचा चेहरा भाताने पडला. मी घरून कळण्याचं पीठ नेलं होतं, ज्वारी-उडीद आणि खडं मीठ घालून दळलेलं. चुलीवर तवा टाकून भाकरी थापली तर सगळी वाडी बघायला. हातावर थापताना एक म्हातारी इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग त्या म्हातारीनेच कढईत नागलीच्या पिठाचा ढिंडो घोटून दाखवला, मनगट असं फिरवत की माझा खांदा नुसता बघून दुखला. भाकरी गुंद्रुकच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीच्या, आंबट रश्शाबरोबर झकास लागते. नंदुरबारची मिरची पावडर भेट म्हणून नेली होती, मोठ्या अभिमानाने. भाउजूंनी चव घेतली, मान डोलावली आणि लोणच्याच्या बरणीतून गोल, लाल, बोराएवढी अकबरे खुर्सानी, म्हणजे तिकडची मिरची, काढून माझ्या ताटात ठेवली. पुढचं सांगत नाही. नंदुरबार हरलं.

अकरा ते तीन स्वास्थ्य चौकी. इथे मंडळीने वॉर्ड ऑफिसातून रीतसर परवानगी घेतली होती. चौकीचे हेल्थ असिस्टंट तरुण होते, त्यांनी पहिल्याच दिवशी मला स्पष्ट सांगितलं: दिदी, तुमची इथली नोंदणी नाही, त्यामुळे इंजेक्शन नाही, गोळी नाही, सलाईन नाही. प्रेसर, म्हणजे बीपी, मोजा, लोकांना बसवा, रजिस्टर भरा. मला त्यांचा आदर वाटला. रजिस्टर देवनागरीत, रकाने आपल्यासारखेच, फक्त साल विक्रम संवताचं, २०८१. तारीख लिहिताना दर वेळी हात अडायचा.

प्रेसर मोजणं हे काम सोपं वाटतं. एक म्हातारी आली ती डोको घेऊन, म्हणजे पाठीवर बांबूची टोपली आणि तिचा पट्टा कपाळावर. टोपलीत मक्याची कणसं होती. चढ चढून आली, डोको उतरवला, स्टुलावर बसली आणि लगेच हात पुढे केला. आमची नर्सिंगची मुलगी पट्टा गुंडाळायला लागली. मी तिला थांबवलं. घड्याळ लावून म्हातारीला बसवलं, पाय जमिनीवर टेकवले, पाठीला भिंत दिली, हात टेबलावर छातीच्या उंचीला आणला, चोळीची बाही वर सरकवली. बोलू नका असं खुणेने सांगितलं, तर ती जास्तच बोलायला लागली. हेल्थ असिस्टंटनी हसून नेपाळीत दटावलं. दहा मिनिटांनी मोजलं, वरचं १८०, खालचं ११०. पुन्हा थोड्या वेळाने, १७४ आणि १०६. तिच्या कपाळावर पट्ट्याची खोलगट रेघ होती, आयुष्यभराची, आणि केस तिथे उगवायचेच थांबलेले. गोळी चालू होती का? होती. मग? बरं वाटायला लागलं म्हणून बंद केली.

हे उत्तर मी धडगावला इतक्या वेळा ऐकलंय की भाषांतराची गरज पडली नाही.

आता इथे माझा जो मुद्दा आहे तो सांगते. आमच्या पिशवीत गोळ्या होत्या. मंडळीतल्या एका मेडिकलवाल्याने प्रेमाने भरून दिल्या होत्या. सरळ मनाचा माणूस म्हणेल, बाईला १८० प्रेसर आहे, दे पंधरा गोळ्या. सोळाव्या दिवशी काय? आमच्याकडेही शिबिरं येतात, मोठ्या शहरांतून, बसमधून. एका दिवसात पाचशे तपासले म्हणून बॅनर लागतो. महिन्याने पाड्यावर गेलं की घराघरांत रिकामी पाकिटं खुंटीला लावलेली दिसतात आणि लोक मला विचारतात, सिस्टर, ती लाल गोळी कधी येणार? मी कुठून आणू ती लाल गोळी. तेव्हापासून माझा नियम आहे: जो माणूस पुढच्या महिन्यात इथे नसेल त्याने महिनोन्महिने घ्यायचं औषध सुरू करू नये. म्हातारीची गोळी हेल्थ असिस्टंटनी चौकीच्या साठ्यातून दिली, चिठ्ठी केली आणि तिच्या वाडीच्या स्वयंसेविकेला बोलावून तिच्या ताब्यात दिलं. आमची पिशवी तशीच चौकीला जमा केली, यादी करून, मुदतीच्या तारखा तपासून.

या स्वयंसेविका म्हणजे आपल्या आशाताईंच्या थोरल्या बहिणी. आपल्याकडे आशा २००५ मध्ये आल्या, नेपाळात महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका १९८८ पासून आहेत, देशभरात पन्नास हजारांहून जास्त, आणि पगार नाही. ज्या बाईकडे आमची म्हातारी सोपवली ती पन्नाशीची, निळी साडी, पायात प्लास्टिकची चप्पल. तिला प्रत्येक घरातली गरोदर बाई, प्रत्येक पोराचं वजन, कोणाचा नवरा कुठल्या देशात आहे, सगळं पाठ. ती ख्रिस्ती नाही. आमच्या गटातल्या एकीने हळूच विचारलं, मग ही आपल्याबरोबर काम कसं करते? मी म्हटलं, ती आपल्याबरोबर काम करत नाही बाळा, आपण तिच्याबरोबर करतोय.

तिनेच मला एक दिवस दुपारी, हेल्थ असिस्टंट आणि पाळकसाहेब बाहेर गेल्यावर, पाच-सहा बायकांसह चौकीच्या मागच्या खोलीत बसवलं. दार लावलं. अंग बाहेर येण्याचा त्रास. नेपाळच्या डोंगराळ भागात हा बायकांचा मोठा आणि झाकून ठेवलेला आजार आहे. बाळंत होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच पाठीवर डोको येतो, लाकडं, गवत, खत, आणि मग वर्षानुवर्षं बाई ते दुखणं लुगड्याखाली घेऊन शेतात उभी. मी त्यांना तपासलं नाही, तो माझा अधिकार नव्हता. पण मी एएनएम आहे, आजी आहे, परकी आहे आणि लवकरच जाणार आहे, या सगळ्याचा त्यांना उपयोग झाला. ओळखीच्या माणसाला जे सांगता येत नाही ते वाटसरूला सांगता येतं. स्वयंसेविका दुभाष्याचं काम करत होती. सुरुवातीच्या अवस्थेत आत बसवायची रिंग असते, पुढच्या अवस्थेत ऑपरेशन, आणि लाज धरून बसलं तर दोन्ही लांबतं, एवढंच मी बोलले. दोघी तानसेन गावातल्या हॉस्पिटलात तपासायला जायला तयार झाल्या. त्या पुढे गेल्या की नाही ते स्वयंसेविका बघेल. थोड्या दिवसांसाठी आलेल्या माणसाचा काही फायदा असेल तर तो एवढाच, असं मला वाटतं, आणि तो कमी नाही.

तीननंतर मात्र आम्ही लोकांच्या मनोरंजनाचा विषय असायचो. अंगणात बसलो की पोरं समोर रांगेत. मी पाणी उकळून, गाळून, बाटलीत भरते, हे बघायला एक आजी रोज यायची. झऱ्याचं एवढं गोड पाणी ही बाई जाळते कशाला, असा तिचा चेहरा. मला माझी आई आठवली. आमच्या खानदेशात स्वीडनहून मिशनरी यायचे, आई लग्नाआधी त्यांच्या बंगल्यावर कामाला होती. तिथल्या मडमेच्या गोष्टी ती आम्हाला रात्री सांगायची: मडम पाणी उकळते, मडम भर उन्हात टोप घालते, मडम मिरचीचा वास आला तरी खोकते, मडमेला भाकरी मोडता येत नाही. आई त्यांचं वाईट कधी बोलली नाही. त्यातल्याच एकीने तिला अक्षर ओळखायला शिकवलं होतं. पण हसायची पोटभर. मडमांना वाटत असेल आपण इथल्या लोकांना बघतोय. बघत होती आमची आई. आता पाल्प्यात कोणती तरी सून रात्री सांगत असेल, ती नंदुरबारची बाई, भातावर दही घ्यायची तेही साखर टाकून.

शनिवारी उपासना. नेपाळात सुटीचा वार शनिवार, म्हणून चर्चही शनिवारी भरतं. चपला बाहेर, आत सतरंज्या, बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. "जय मसीह" म्हणत प्रत्येक जण दोन्ही हात जोडतो, आमचा "सलाम" त्यांना गमतीचा वाटला. मादल वाजायला लागला की काकांचे पाय थांबेनात. आम्हाला झेंडूच्या जाड माळा घातल्या, गाणं म्हणायला लावलं. आम्ही आमचं नेहमीचं मराठी भजन म्हटलं, दुसऱ्या कडव्याला मादलवाल्याने ठेका पकडला आणि मग ते आमच्या मंडळीत कधी वाजलं नसेल इतकं छान वाजलं. उपदेश तासभर. मला चारातला एक शब्द कळत होता. तरी डुलकी लागली नाही, हे पाळकसाहेबांनी कृपया वाचावं.

परतताना एक दिवस तानसेन पाहिलं. चढउताराचा बाजार, ढाका टोप्यांची दुकानं, आणि गावाच्या कडेला मिशन हॉस्पिटल. त्याची सुरुवात गमतीची आहे. मसुरीच्या शाळेत शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग नावाचे अमेरिकन गृहस्थ १९४९ मध्ये पक्ष्यांच्या अभ्यासासाठी या डोंगरांत आले. बरोबर डॉक्टर मित्र होता, त्याने जाता जाता रोगी तपासले आणि रोग्यांची रीघ लागली. पुढे सरकारची परवानगी मिळाली आणि १९५४ मध्ये इथे काम सुरू झालं. ज्या संस्थेने ते केलं तिची स्थापना त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या नागपुरात झाली, हे ऐकून काका एकदम ताठ बसले, जणू बैठकीला ते हजर होते. हॉस्पिटलच्या रस्त्यावर नातेवाईक पिशव्या घेऊन बसलेले, कोणी संत्री सोलतंय, कोणी एक्स-रे उन्हाकडे धरून बघतंय. आमचं चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ चं. तिथल्या व्हरांड्यात मी लहानपणी अशीच बसलेली आहे, आजोबांच्या पायाच्या वेळी. डॉक्टर बदलत गेले, पण दवाखाना जागचा हलला नाही, म्हणूनच आजोबांचा पाय राहिला.

घरी आल्यावर मंडळीच्या पंचांपुढे हिशेब मांडला. सात जणांचा येण्या-जाण्याचा खर्च, जीप, जेवणाचे म्हणून दाजूंच्या हातात बळेच कोंबलेले पैसे. खजिनदारांनी चष्मा वर करून विचारलं, हेच पैसे मनिऑर्डरने पाठवले असते तर? सभेत शांतता. पाळकसाहेब म्हणाले, सहभागितेला किंमत नसते. मोबाईलवाला पोरगा म्हणाला, मला तिथे जाऊन कळलं की माझ्या वयाचं कोणी गावात नाही, ते मनिऑर्डरीत कळलं नसतं. दोघांचंही बरोबर आहे. पण खजिनदारांचंही चूक नाही, आणि मी सभेत तसं बोलले. माझं मत असं की सात जणांनी आठवड्यासाठी जायचं बंद करावं. सातांचा स्वयंपाक भाउजूंना जड जातो, आणि शिकून घ्यायला आठवडा पुरत नाही. त्यापेक्षा दोघींनी जावं, महिना-दीड महिना राहावं, चौकीत रजिस्टर लिहावं, धाऱ्यावर भांडी घासावीत. आणि उरलेल्या पैशांतून त्या निळ्या साडीच्या बाईला प्रेसर मोजायचं चांगलं यंत्र घेऊन द्यावं, हेल्थ असिस्टंटना विचारून.

पंचांनी ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. पाळकीणबाई तयार आहेत, त्यांनी कळण्याचं दळण आत्ताच टाकलंय. काकांनाही यायचं आहे. ते म्हणतात दोघींबरोबर एक पुरुष हवा. मी म्हटलं, मग भात खायची सवय करा, आणि सिद्धबाबाला उतरायचं नाही. माझी एकच अट आहे, ती पंचांच्या वहीत लिहून घेतली आहे: ताप्ती-गंगाचं तिकीट खालच्या बर्थचं हवं, आणि आरएसी चालणार नाही.